नवख्याचें पहिलें ठिगळ

कोणत्याहि मोठ्या कार्याच्या इतिहासांत आरंभ करणाऱ्या पुरुषाचें नांव ठळक अक्षरांनीं लिहिलें जातें. परंतु त्या कार्यांत दुसरा मनुष्य केव्हां आला, तिसरा कोणत्या वाटेनें आला, आणि आलेल्या परक्यास आंत घेण्याची रीति कशी पडली, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक कार्य टिकतें तें या दुसऱ्या-तिसऱ्यांच्या बळावर. संगणकाच्या क्षेत्रांत 'मुक्त स्रोत' या नांवानें जी चळवळ गेल्या चाळीस वर्षांत उभी राहिली, तिचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. तेथें दार सर्वांस उघडें असतें. तरीहि उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या नवख्याची छाती धडधडल्यावांचून राहत नाहीं.

संगणकानें करावयाच्या कामाच्या सूचना प्रथम माणसास वाचतां येतील अशा भाषेंत लिहाव्या लागतात. या लिखाणास मूळ संहिता अथवा सोर्स कोड म्हणतात. पुढें तिचें यंत्रास कळणाऱ्या अंकांत रूपांतर होतें, आणि तें रूप माणसास वाचून उमगत नाहीं. आज्ञावल्या विकणाऱ्या कंपन्या बहुधा हें दुसरें रूपच गिऱ्हाइकाच्या हातीं देत व मूळ संहिता स्वतःपाशीं कुलुपांत ठेवीत. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांस ही गोष्ट मान्य नव्हती. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं 'ग्नू' या नांवानें संपूर्णपणें मुक्त अशा आज्ञावल्या रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ सालीं एक परवानापत्र प्रसिद्ध केलें. त्या परवान्यान्वयें कोणासहि संहिता वाचतां येते, बदलतां येते व दुसऱ्यास देतां येते. अट इतकीच कीं, बदललेली आज्ञावली पुढें देतांना घेणाऱ्यासहि संहितेसह हेच अधिकार दिले पाहिजेत. 'मुक्त स्रोत', म्हणजे ओपन सोर्स, हें नांव मागाहून १९९८ सालीं रूढ झालें.

परंतु अधिकार मिळणें निराळें आणि प्रवेश मिळणें निराळें. परवान्यानें परक्यास संहितेला हात लावण्याची मोकळीक दिली. मात्र त्याचा हात इतरांनीं कोणत्या विश्वासावर स्वीकारावा, हें कोणत्याहि परवान्यांत लिहिलेलें नव्हतें. ती रीति लिनक्स नामक प्रणालीच्या उभारणींत हळूहळू घडत गेली.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'मिनिक्स' वापरणाऱ्या मंडळींस उद्देशून एक पत्र संगणकाच्या जाळ्यावर प्रसिद्ध केलें. मिनिक्स ही एक ऑपरेटिंग सिस्टिम होती. म्हणजे संगणकाच्या सर्व भागांचा व त्यावर चालणाऱ्या सर्व कामांचा कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं ती आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर १९८७ सालीं विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठीं प्रसिद्ध केली होती. तिची संहिता वाचावयास मिळे, म्हणून देशोदेशींचे जिज्ञासु लोक तिच्याभोंवतीं जमले आणि निरनिराळ्या सुधारणा सुचवूं लागले. टॅनेनबॉम यांनीं त्यांतील बहुतेक नाकारल्या. विद्यार्थ्यास थोड्या अवधींत समजेल इतकीच ती लहान राहावी, हा त्यांचा आग्रह होता. ज्यानें वर्गांत शिकविलें आहे, तो या आग्रहास चुकीचा म्हणणार नाहीं. पाठ्यपुस्तकांत प्रत्येकाची भर घालीत गेल्यास त्याचा कोश होतो व विद्यार्थी बिचारा चाचपडत राहतो. शिवाय त्या काळच्या अटींप्रमाणें सुधारलेलें मिनिक्स संपूर्ण स्वरूपांत वाटतां येत नसे. ऑस्ट्रेलियांतील ब्रूस इव्हान्स यांनीं तें ३८६ जातीच्या संगणकावर चालावें म्हणून बदल केले, पण ते निराळे द्यावे लागत, आणि वापरणाऱ्यानें मूळ प्रत विकत घेऊन ते आपल्या हातानें तींत बसवावे लागत. मिनिक्सवरील हें बंधन २००० सालीं दूर झालें.

टोर्वाल्ड्स यांच्या पत्रांत मोठी प्रतिज्ञा नव्हती. आपण छंद म्हणून एक लहानशी प्रणाली तयार करीत आहों, तरी मिनिक्समधील कोणत्या गोष्टी लोकांस आवडतात व कोणत्या आवडत नाहींत तें कळवावें, इतकीच विनंति होती. परंतु ज्यांच्या सूचना इतके दिवस परत येत होत्या, त्यांना कोणीतरी आपण होऊन विचारीत होतें. त्याच सप्टेंबरांत ०.०१ या क्रमांकाची पहिली आवृत्ति सर्वांस घेतां येईल अशी ठेवण्यांत आली. तींत सुमारें दहा हजार ओळी होत्या व ती धड वापरण्याजोगीहि नव्हती. ज्यांनीं ती घेतली त्यांनीं स्वाभाविकपणेंच ती मोडून पाहिली, आणि काय मोडलें तें कळविलें.

लिनक्समध्यें पहिल्या नवख्यांची भर पडली ती अशी. त्यांतील पुष्कळांनीं आरंभीं एक ओळहि लिहिली नाहीं. त्यांनीं अडचण स्पष्ट शब्दांत सांगितली. डिसेंबर १९९१ मध्यें जर्मनींतील एका गृहस्थानें कळविलें कीं, आपल्या संगणकांत केवळ दोन मेगाबाइट स्मृति असल्यामुळें लिनक्सवर आपलें काम चालत नाहीं. टोर्वाल्ड्स यांच्या स्वतःच्या यंत्रांत चार मेगाबाइट स्मृति असल्यानें त्यांना ही अडचण भासली नव्हती. नाताळच्या सुटींत त्यांनीं स्मृति अपुरी पडल्यास तिच्यांतील भाग तात्पुरता तबकडीवर उतरवून ठेवण्याची सोय लिहून काढली. ही सोय त्या वेळच्या मिनिक्समध्येंहि नव्हती, आणि तिच्यामुळें पुष्कळ लोक मिनिक्स सोडून लिनक्सकडे वळले. अडचण सांगणाऱ्या त्या गृहस्थाचें नांव सामान्य वाचकास ठाऊक नाहीं, तथापि लिनक्सच्या वाढींत त्याचा वाटा खरा आहे. कोणी पैसे देऊं केल्यास टोर्वाल्ड्स त्याऐवजीं आपल्या गांवचें चित्र असलेलें एक पोस्टकार्ड पाठवा म्हणून सांगत, आणि त्यांच्या घरीं दूरदूरच्या देशांतून कार्डें येऊं लागलीं. १९९२ च्या प्रारंभीं त्यांनीं स्टॉलमन यांचा परवाना लिनक्सला लागू केला, आणि भर घालणाऱ्यास आपली भर पुढें कोणी कोंडून ठेवणार नाहीं अशी हमी मिळाली.

दुसरा प्रकार हातानें काम करणाऱ्यांचा. एम्. आय्. टी. येथील थिओडोर त्सो हे अमेरिकेंतून आलेल्या पहिल्या सहकाऱ्यांपैकीं एक. चालूं असलेलें काम एका कळीसरशीं थांबवावें, दुसरें करावें व पहिलें पुन्हां सुरू करावें, ही सोय लिनक्समध्यें नव्हती. त्यांना ती हवी होती. म्हणून त्यांनीं ती लिहिली व पाठवून दिली. टोर्वाल्ड्स यांनीं ती घेतली. पुढें हेच गृहस्थ लिनक्समधील फाइली सांठविण्याच्या व्यवस्थेचे प्रमुख रखवालदार झाले.

येथें एक प्रश्न उभा राहतो. हेलसिंकींतील विद्यार्थ्यानें सातासमुद्रांपलीकडील, कधींहि न भेटलेल्या मनुष्याचें लिखाण आपल्या संहितेंत कसें येऊं दिलें? याचें उत्तर दोन लहान साधनांत आहे. पहिलें साधन 'डिफ'. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७४ च्या सुमारास तें सिद्ध झालें. दोन लेखांत कोणती ओळ गेली व कोणती नवी आली, तेवढेंच तें दाखवितें. दुसरें साधन लॅरी वॉल यांनीं १९८५ सालीं रचलेलें 'पॅच'. पॅच म्हणजे ठिगळ. डिफनें दाखविलेला फरक घेऊन तो मूळ लेखांत नेमक्या जागीं बसविण्याचें काम तें करितें. या दोहोंमुळें परक्याची भर तपासणें सोपें झालें. दहा हजार ओळी पुन्हां वाचण्याचें कारण उरलें नाहीं. बदललेल्या आठ ओळी समोर येत, आणि त्या कोणी लिहिल्या यापेक्षां त्या बरोबर आहेत किंवा नाहींत एवढेंच पाहावें लागे. लिहिणाऱ्याचें वय, देश, पदवी यांची चौकशी करण्याचें प्रयोजन राहिलें नाहीं.

वेल्समधील स्वान्सी येथील ॲलन कॉक्स यांचें उदाहरण या रीतीचें फळ दाखवितें. तेथील विद्यापीठाच्या संगणक-मंडळाच्या यंत्रावर त्यांनीं लिनक्स बसविलें. अनेक संगणक जोडणाऱ्या जाळ्यावर तें यंत्र वारंवार बंद पडूं लागलें. तक्रार करून थांबण्याऐवजीं त्यांनीं दोष शोधले, एकेक ठिगळ पाठविलें, आणि कांहीं काळानें जाळ्याच्या संपूर्ण विभागाची जबाबदारी त्यांच्याकडेच आली. पुढें कित्येक वर्षें टोर्वाल्ड्स यांच्या खालोखाल त्यांचें नांव घेतलें जाई. आपल्या यंत्राची कुरकुर मिटविण्यास निघालेला मनुष्य अशा रीतीनें कारभारी झाला.

मार्च १९९४ मध्यें आवृत्ति १.० प्रसिद्ध झाली, तेव्हां संहिता पावणेदोन लाख ओळींवर गेली होती. ठिगळें इतकीं येऊं लागलीं कीं, एकट्या टोर्वाल्ड्स यांस तीं पाहणें अशक्य झालें. कित्येकांचीं ठिगळें उत्तरावांचून हरवत, आणि नवख्यास वाटे कीं आपणास हेतुपुरस्सर झिडकारलें. यावर उपाय म्हणून विभागशः कारभारी नेमले गेले, आणि भर घालण्याचे नियम ठरले. एका ठिगळांत एकच बदल असावा. बदल काय केला यापेक्षां तो कां केला, हें साध्या शब्दांत लिहावें. २००४ सालापासून प्रत्येकानें आपल्या नांवाची ओळ जोडून, हें लिखाण देण्याचा आपणास अधिकार आहे, अशी ग्वाही द्यावी असें ठरलें. एप्रिल २००५ मध्यें टोर्वाल्ड्स यांनीं 'गिट' नांवाची नोंदवही रचली. तींत प्रत्येक बदलाबरोबर दोन नांवें राहतात: लिहिणाऱ्याचें एक व आंत घेणाऱ्याचें दुसरें. कारभाऱ्यानें ठिगळ बसविलें तरी श्रेय शिवणाऱ्याच्याच नांवें जमा होतें. मोठ्याच्या नांवाखालीं लहानाचें काम बुडून जाण्याचा अनुभव जगांत ज्यांना आला आहे, त्यांना या दोन रकान्यांचें मोल कळेल.

नवख्यानें आरंभ कसा करावा, याची वाट या इतिहासांतूनच निघाली आहे. जी आज्ञावली आपण रोज वापरतों तीच निवडावी, कारण तिचे दोष आपल्या अंगवळणीं पडलेले असतात. प्रथम तिची संहिता उतरवून घेऊन, कांहींहि न बदलतां, ती आपल्या यंत्रावर चालविण्यापर्यंत मजल मारावी. पुष्कळांची पहिली परीक्षा येथेंच होते. भर घालणाऱ्यांसाठीं लिहिलेल्या सूचना वाचाव्या. त्या वाचून एखादी पायरी चुकीची अथवा अपुरी आढळली, तर तीच दुरुस्त करून पाठवावी. नवख्याच्या डोळ्यांस जें खटकतें तें जुन्यास दिसेनासें झालेलें असतें, म्हणून हें काम हलकें मानूं नये. अनेक प्रकल्पांत 'पहिल्या कामास योग्य' अशी खूण करून कांहीं दोष मुद्दाम राखून ठेवलेले असतात. लिनक्समध्यें २००८ सालीं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं अर्धवट तयार झालेल्या भागांसाठीं एक निराळा विभाग उघडला. त्याची साफसफाई करीत शेंकडों नवखे शिकून तयार झाले.

पाठविलेलें ठिगळ बहुधा पहिल्या खेपेस घेतलें जात नाहीं. कोणी मोकळ्या जागा मोजून दाखवितो, कोणी विचारतो कीं हा दोष मुळांतच कां झाला, कोणी कांहींच बोलत नाहीं. अशा वेळीं रागावून निघून जाणारे पुष्कळ. दुरुस्ती करून तेंच ठिगळ दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां पाठविणारे थोडे. लाल शाईनें भरलेली वही घरीं नेऊन जो पुन्हां लिहून आणतो तोच मुलगा पुढें जातो, हा वर्गांतला अनुभव येथेंहि खरा ठरतो. लिनक्सच्या प्रत्येक नव्या आवृत्तींत आज सुमारें दोन हजार लोकांचें काम असतें, आणि त्यांत दोनशेंहून अधिक नांवें पहिल्यानेंच आलेलीं असतात.

संहिता लिहितां न येणाऱ्यासहि दार बंद नाहीं. ग्नोम, के. डी. ई., फायरफॉक्स, लिबरऑफिस या मुक्त आज्ञावल्यांवर मराठी अक्षरें दिसतात तीं कोणा यंत्राच्या कृपेनें उमटलेलीं नाहींत. मराठी मंडळींनीं एकेक शब्द बसवून तीं आणलीं आहेत. 'सेव्ह' या शब्दास 'जतन करा' म्हणावें कीं 'सांठवा', एवढ्याशा प्रश्नावरहि विचार करावा लागतो, कारण एकदां रुळलेला शब्द असंख्य पडद्यांवर दिसत राहतो. एखादा अशुद्ध शब्द दिसतांच नाक मुरडणारे मराठींत कमी नाहींत. त्यांतील एकानें तो शब्द सुधारून पाठविला, तर त्याचें पहिलें ठिगळ तेंच होय.

इतकें सर्व असूनहि दारावरील माणसें माणसेंच असतात. चुकीच्या कामावर टोर्वाल्ड्स यांनीं वापरलेली भाषा पुष्कळदां इतकी कठोर असे कीं, जुन्या सहकाऱ्यांसहि ती लागे, आणि ती उघड्यावर वाचणारा नवखा आंत येण्यापूर्वींच माघारी फिरे. सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांनीं आपल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली, कांहीं आठवडे काम बाजूस ठेविलें, आणि त्या अवधींत क्रोआ-हार्टमन यांनीं कारभार पाहिला. त्याच वेळीं वर्तनाचे नवे नियमहि लागू झाले. सत्तावीस वर्षांच्या यशानंतर अग्रणी पुरुषानें असें करणें सोपें नव्हे. ओळींचे दोष दाखवितांना माणसाचा पाणउतारा करण्याची गरज नाहीं, हा धडा गुरुजनांसहि उशिरांच कळतो.

या मोकळ्या दाराची खरी कसोटी २०२४ सालीं लागली. फाइली दाबून लहान करणारी 'एक्स्-झेड्' नांवाची एक मुक्त आज्ञावली आहे. लिनक्सच्या असंख्य यंत्रांचा भार तिच्यावर असतो. तिची निगा मुख्यतः एकच गृहस्थ विनामोबदला, छंद म्हणून, राखीत होते. २०२१ सालीं 'जिया तान' असें नांव सांगणारा एक नवखा तेथें आला. त्याचीं पहिलीं ठिगळें लहान व निरुपद्रवी होतीं. २०२२ सालीं इतर कांहीं अपरिचित नांवांनीं तक्रारी येऊं लागल्या कीं, काम फार मंद चाललें आहे, दुसऱ्या कोणास तरी अधिकार द्यावा. त्या गृहस्थांनीं आपल्या प्रकृतीच्या अडचणी मोकळेपणानें सांगितल्या. हळूहळू नवख्याच्या हातीं किल्ल्या आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ५.६.० या आवृत्तींत त्यानें एक चोरदार बसविलें. तें पसरतें तर दूरच्या यंत्रांत परवानगीवांचून शिरतां आलें असतें. तें लपविलें होतें चांचणीच्या अशा फाइलींत कीं ज्या माणसाच्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहींत.

मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब आढळला. पोस्टग्रेस या मुक्त आज्ञावलीचे ते एक जुने सहकारी. एवढ्या क्षुल्लक गोष्टीकडे दुसऱ्यानें दुर्लक्ष केलें असतें. त्यांनीं मूळ शोधलें, आणि २९ मार्च २०२४ रोजीं जगास सावध केलें. बहुतेक स्थिर प्रणालींपर्यंत ती आवृत्ति तोंवर पोहोंचली नव्हती, म्हणून अनर्थ टळला.

या घटनेवरून परक्यास दार लावून घ्यावें, असा निष्कर्ष काढणारे निघाले. परंतु नीट पाहिल्यास दोष दाराच्या मोकळेपणांत नव्हता. ज्या ओळी वाचतां येत होत्या त्यांतून कपट सहजासहजीं शिरलें नाहीं; न वाचतां येणाऱ्या भागांत तें लपलें. आणि तें उघडकीस आणणारा मनुष्यहि त्या आज्ञावलीच्या दृष्टीनें बाहेरचाच होता. संहिता त्याच्यापुढें उघडी होती म्हणूनच त्याला मुळापर्यंत जातां आलें. खरें न्यून निराळें होतें. असंख्य लोक जें वापरीत होते, त्याच्या पहाऱ्यावर एकटा मनुष्य उभा होता. सर्वांनीं घेतलें आणि देण्यास फार थोडे आले; म्हणून जो एक आला त्याच्यावर विश्वास टाकणें भाग पडलें.

गांवांत इर्जिक असते तेव्हां शेजारी आपापले बैल घेऊन एकाच्या शेतांत उतरतात. त्या दिवशीं कोणाची जोडी किती तगडी याची कोणी पैज लावीत नाहीं. कोण आला आणि कोण दिवस मावळेपर्यंत राहिला, हें मात्र सर्वांच्या ध्यानांत राहतें. मुक्त स्रोताच्या इतिहासांत लिनस टोर्वाल्ड्स यांचें नांव राहीलच. परंतु अडचण सांगणारा तो जर्मन गृहस्थ, सोय लिहून पाठविणारे त्सो, यंत्राची कुरकुर मिटविणारे कॉक्स, अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणारे फ्रॉइंड, आणि मराठी शब्द बसविणारे हात, यांच्यावांचून तो इतिहास घडला नसता. त्यांतील प्रत्येकाचा आरंभ लहान होता. नवख्यास म्हणून एवढेंच सांगणें आहे कीं, पहिलें ठिगळ लहान असावें, उघड असावें आणि आपल्या नांवाचें असावें. आणि तें बसल्यावर घरीं परत न जातां, पुढच्या नवख्याचें ठिगळ तपासण्यास त्यानें तेथें थांबावें.